गावाच्या पाण्याचं प्लॅनिंग सरासरीवर नको, सगळ्यात वाईट मे महिन्यावर करा

२०१९ आठवतंय का बघा. मे महिन्यात अथणी, रायबाग, चिकोडीकडं कृष्णेच्या पात्रात माणसं चालत फिरत होती, कोयनेतनं पाणी सोडा म्हणून कर्नाटकाचं महाराष्ट्राकडं मागणं चाललेलं, आणि ऑगस्टात त्याच नदीनं त्याच गावांत घराघरात पाणी घातलं. आता त्या वर्षाच्या पावसाची सरासरी काढली तर कागदावर झकास वर्ष दिसेल. म्हणून पहिल्यांदाच सांगतो, ज्या रिपोर्टात "सरासरी पर्जन्यमान पुरेसे" एवढंच लिहिलंय तो रिपोर्ट परत पाठवायचा.

हे कुणासाठी लिहितोय तर आपल्या बेळगाव भागातल्या पट्टण पंचायत, पुरसभा, नगरसभेतल्या नगरसेवकांसाठी, वॉर्डातल्या चार जाणत्या लोकांसाठी, आणि ज्यांच्या पुढ्यात डीपीआर (योजनेचा सविस्तर अहवाल) नावाचं जाडजूड बाड येऊन पडतं पण त्यात नेमकं काय बघायचं ते कळत नाही त्यांच्यासाठी. डिझाईन इंजिनियर करतीलच, आपण फक्त हिशोब समजून घ्यायचा म्हणजे प्रश्न विचारता येतात.

माणसं किती, पाणी किती

समजा आज गावाची लोकसंख्या ३० हजार. शेवटची जनगणना २०११ ची, त्यानंतर झालेलीच नाही, म्हणजे आजचा आकडासुद्धा अंदाजानंच काढायला लागतो, त्यासाठी मतदार यादी, घरपट्टीची खाती, वीज कनेक्शनं, रेशन कार्डं असं तीन-चार ठिकाणचं ताडून बघा, एकट्या जनगणनेवर जाऊ नका. वर्षाला दीड टक्का वाढ धरली तर ३० वर्षांनी साधारण ४७ हजार होतात, २ टक्के धरली तर ५४ हजार. दोन्ही आकडे काढून ठेवा. कंत्राटाचा आकडा फुगवायचा असला की वाढीचा टक्का हळूच वर जातो, आणि बजेट कमी पडलं की तोच टक्का खाली येतो, हे सगळीकडं चालतं.

आता माणशी किती? गटार योजना असलेल्या गावाला केंद्राच्या पाणीपुरवठा मॅन्युअलप्रमाणं दिवसाला माणशी १३५ लिटर, नळ आहे पण गटार योजना नाही तिथं ७०, आणि खेड्यात जलजीवनमध्ये ५५. आपल्याकडं बऱ्याच गावांत आज गटार योजना नाही पण पाच-दहा वर्षांत येणार, म्हणून १३५ च धरा, नाहीतर गटारं झाल्यावर त्यात वाहायला पाणीच नसतंय.

४७ हजार गुणिले १३५ म्हणजे दिवसाला साडे त्रेसष्ट लाख लिटर, ६.३ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर). हे नळातनं बाहेर पडलेलं पाणी झालं. वाटेत १५ टक्के गळती धरली (मॅन्युअल तेवढीच धरायला सांगतं) तर फिल्टर हाऊसमधनं ७.५ एमएलडी सोडायला लागतंय. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळा हिशोब यावरच आहे.

यात दवाखाने, हॉस्टेल, लॉज वेगळे जोडतात, मोठ्या दवाखान्याला खाटेमागं ४५० लिटर धरतात. आणि जत्रा. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणा, चिंचलीची मायाक्का म्हणा, चार-आठ दिवसांत गावाच्या कितीतरी पट माणूस येतोय, तेवढ्यासाठी तीस वर्षांची पाईपलाईन मोठी करायची गरज नसते, पण टाक्या आणि टँकर भरायची जागा मात्र त्या हिशोबानं पाहिजे.

नवीन धरणाआधी जुनी पाईप बघा

यावर कुणाला बोलायला आवडत नाही. नवीन योजनेचा नारळ फोडता येतो, फोटो येतो, गळती बंद केल्याचा फोटो येत नाही. पण आकडे बघा. आज ३० हजार माणसांना १३५ नं द्यायला निव्वळ ४ एमएलडी पाहिजे. गळती ४० टक्के असली तर त्यासाठी पावणेसात एमएलडी उपसायला लागतंय. आणि तीस वर्षांनंतरच्या ४७ हजार माणसांना, गळती १५ टक्क्यांवर आणली तर, साडेसात. म्हणजे आज वाया घालवत घालवत जेवढं उपसतोय, जवळपास तेवढ्याच पाण्यात पुढची पिढीसुद्धा भागते. मग नवीन सोर्स कशाला पाहिजे हा प्रश्न तरी विचारायचा की नाही?

३ मिलिमीटरचं एक भोक, म्हणजे जाड दाभणाएवढं, वर २० मीटरचं प्रेशर आणि लाईन दिवसभर चालू असली तर त्यातनं दिवसाला ७ हजार लिटरच्या आसपास जातंय. पन्नासेक माणसांचं पाणी. आणि ते रस्त्यावर दिसत नाही, खालच्या खाली मुरूम पितोय.

गळती मोजायची कशी? टाकीच्या आउटलेटला बल्क मीटर (टाकीतनं जाणारं सगळं पाणी मोजणारा) पाहिजे, तोच नसेल तर बाकी सगळ्या गप्पा. एका टाकीवरचा एक भाग निवडा, त्याच्या कडेचे वॉल्व्ह बंद करून तो बाकी गावापासनं तोडा, आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान पाणी चालू ठेवून मीटर बघा. त्या वेळेला माणसं झोपलेली असतात, तरी मीटर फिरत असेल तर ते पाणी कुठंतरी जातंय. (घराघरातल्या टाक्या आधी भरू द्या, नाहीतर त्या भरतानाचंच पाणी गळती म्हणून दिसेल.) मग एकेक वॉल्व्ह बंद करत जायचं, कुठल्या गल्लीचा बंद केल्यावर मीटरचा वेग पडला ते लिहून ठेवायचं. यात वॉल्व्हमनपेक्षा जास्त कुणाला कळत नाही. नकाशावर नसलेली कनेक्शनं त्याच्या डोक्यात असतात. तो रिटायर व्हायच्या आधी त्याला सोबत घेऊन नकाशा काढा, हे मी अगदी मनापासनं सांगतोय.

"चोवीस तास पाणी दिलं तर लोक नासाडी करतील" असं म्हणणारे भेटतात. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीत २००८ च्या आसपास काही निवडक वॉर्डांत वर्ल्ड बँकेच्या मदतीनं चोवीस तास पाणी सुरू केलं होतं, नव्या पाईप आणि घरोघरी मीटर घालून. मीटर असल्यावर माणूस नळ बंद करायला शिकतो. उलट आठवड्यातनं एकदा पाणी येतं तिथं काय होतं, हंडे-घागरी, बॅरल, सिमेंटची टाकी सगळं भरून ठेवायचं, आणि नवीन पाणी आलं की जुनं ओतून टाकायचं. शिवाय लाईन रिकामी असताना आतमध्ये व्हॅक्यूम तयार होतोय आणि गटाराशेजारची घाण जॉइंटमधनं आत ओढली जाते. त्यात लोक मोटर लावून ओढतात ते वेगळंच. मात्र जुन्या गळक्या लाईनवरच चोवीस तास पाणी सोडलं तर तळं दोन महिन्यांत संपेल, आधी पाईप, मग मीटर, मग तास वाढवायचे, हा क्रम उलटा करू नका.

तळ्याचा महिन्यावारी हिशोब

एक एक्सेल शीट उघडा, नसेल तर वही चालेल. उभ्या रकान्यात महिने, आडव्या रकान्यात: महिन्याच्या सुरवातीला साठा, आत आलेलं पाणी, गावासाठी उपसा, उन्हानं उडालेलं, सांडव्यावरनं गेलेलं, शेवटी शिल्लक. हे किमान ३० वर्षांच्या पावसावर चालवायचं, नुसतं एका वर्षावर नाही. पावसाचे आकडे हवामान खात्याकडं आणि तालुक्याच्या ठिकाणी असतात, नदीचे पाटबंधारे खात्याकडं.

आपलं ७.५ एमएलडी म्हणजे महिन्याला सव्वादोन लाख घनमीटर. समजा तळं ४० हेक्टरचं आणि मृतसाठा (तळाशी राहणारं, उपसता न येणारं पाणी) सोडून १५ लाख घनमीटर वापरायजोगं. १ नोव्हेंबरला काठोकाठ भरलंय. सव्वादोननं भागा, साडेसहा महिने, मेच्या विसाव्या तारखेपर्यंत आरामात, मग वळीव आहेच, असं वाटतं. आता ऊन घाला. थंडीत दिवसाला ४ मिलिमीटर आणि उन्हाळ्यात ६ मिलिमीटर उडतंय असं धरलं तर ४० हेक्टरवरनं महिन्याला पन्नास-सत्तर हजार घनमीटर असंच वर जातंय. म्हणजे तेच तळं एप्रिलच्या मध्यालाच तळ दाखवतंय (तळं आटेल तसा पसारा कमी होतो म्हणून चार दिवस इकडं तिकडं). आणि गळती ४० टक्के असली तर उपसाच महिन्याला ३ लाखांच्या वर जातो, मग फेब्रुवारी सरता सरता संपलं. जूनअखेरपर्यंत जायचं असेल तर याच गावाला १५ नाही, २२-२३ लाख घनमीटर साठा लागतोय.

गाळ विसरू नका. ज्या वर्षी तळं बांधलं त्या वर्षीची क्षमता बोर्डावर लिहिलेली असते, आज ती नसते. तळं आटलेलं असतानाच सर्व्हे करून घ्यावा.

शेतीच्या प्रकल्पात चारपैकी तीन वर्षं पाणी मिळालं तरी चालतं असं धरतात, ७५ टक्के विश्वासार्हता. पिण्याच्या पाण्याला ते चालत नाही, तिथं ९५ च्या वर पाहिजे. कुणी ७५ टक्क्यांच्या आकड्यावर गावाची योजना बसवली असेल तर दर चार वर्षांनी एकदा टँकर येणार असं त्यानं कबूलच केलंय, फक्त मोठ्यानं सांगितलं नाही. आणि तपासताना एकच कोरडं वर्ष घेऊ नका, लागोपाठ दोन घ्या. २०२३ ला मृग कोरडा गेला, ऑगस्ट तर देशात १९०१ पासनं सगळ्यात कोरडा, आणि कर्नाटकातले २३६ पैकी दोनशेच्या वर तालुके दुष्काळी जाहीर झाले. तसलं वर्ष लागोपाठ दोनदा आलं तर आपलं तळं दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला जूनमध्ये किती शिलकीवर असेल, हा आकडा शीटमधनं काढा आणि सभेत वाचून दाखवा.

दुसरा सोर्स म्हणजे दुसरा पावसाळा नव्हे

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल असे दोन सोर्स. मार्कंडेय नदीवरचं राकसकोप लहान आहे, २४७५ फुटांवर पोचलं, म्हणजे भरलं, की पेपरात फोटो येतो आणि सगळे निर्धास्त होतात, पण लहान तळं लवकर भरतं तसं लवकर रितंही होतं. घटप्रभेवरचं हिडकल ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). दोघांनाही पाऊस सह्याद्रीचाच, म्हणजे तिकडं ढग फिरकले नाहीत तर दोन्हीकडं पंचाईत, फरक एवढाच की हिडकलच्या पोटात मागच्या वर्षाचं शिल्लक राहू शकतं. म्हणजे दुसरा सोर्स घेताना नदी कुठली यापेक्षा साठा कुठला हे विचारायचं.

नदीकाठच्या गावांना वाटतं आपल्याला काय कमी, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, कृष्णा दारातनं जाते. पण ह्या सगळ्या वरनं, महाराष्ट्रातनं येतात, आणि मार्चनंतर नदीत जे दिसतं ते धरणातनं सोडलेलं असतंय. दूधगंगेच्या काळम्मावाडी धरणात कर्नाटकाचा ४ टीएमसी वाटा आहे हे खरं, पण तो सुटायची तारीख आणि आपल्या जॅकवेलला (नदीतनं पाणी उपसायच्या विहिरीला) पाणी लागायची तारीख यात वरच्या बाजूच्या ऊसवाल्यांच्या मोटरी असतात. त्यांचंही चुकतंय असं नाही, ऊस वाळला तर तो पण बुडतोय. म्हणून नदीवर योजना असेल तर तीन गोष्टी कागदावर पाहिजेत: पिण्यासाठी राखीव पाणी किती आणि कुठल्या धरणातलं, ते कुठल्या महिन्यात सुटणार, आणि जॅकवेलच्या खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात फळ्या घालायच्या कुणी आणि कधी. फळ्या वेळेवर न घातल्यानं अख्ख्या गावाचं पाणी खाली वाहून जातं. त्याला काय दुष्काळ म्हणायचा?

खानापूरकरांनी तर हसूच नये. कणकुंबीला धो धो पाऊस, मलप्रभा तिथनंच निघते, तरी एप्रिलात तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर बायका घागर घेऊन झऱ्यावर बसलेल्या असतात, कारण पाऊस कितीही पडो, तो अडवून ठेवायला जागा नाही. म्हादईच्या पाण्याचं गोव्याबरोबरचं भांडण चालूच राहील, लवादानं २०१८ ला कळसा-भांडुरा नाल्यांचे मिळून ३.९ टीएमसी दिले त्यालाही किती वर्षं झाली बघा. जे पाणी कोर्टात आहे ते नळाच्या हिशोबात धरू नये.

विहिरी मात्र धरा. आपल्याकडं काळा पाषाण, पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत असतंय, खाली ७००-८०० फूट बोअर मारून धूळ उडते ते त्यामुळंच. उघडी विहीर पावसात भरते आणि डोळ्याला दिसते. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही आहे, आणि बेळगावात जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या पुन्हा वापरात आणल्याचं उदाहरण घरचंच आहे. प्रत्येक वॉर्डात अशा विहिरींची यादी करा, एप्रिलअखेर पाणी किती खोल गेलं ते मोजा, पंप लावून उपसा करून बघा, आणि लॅबमधनं तपासून घ्या, नायट्रेट आणि फ्लोराईड जरूर बघायचं (फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत बरं, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत). गटाराशेजारची असेल तर वापरायच्या पाण्याला ठेवा, प्यायला नको. आणि १०० चौरस मीटरच्या छपरावर बेळगावच्या १३०० मिलिमीटर पावसात लाखभर लिटर पाणी गोळा होतंय, अथणीकडं त्याच्या निम्म्यापेक्षा कमी, ते विहिरीत सोडायला चाळणीचा खड्डा सोडून फार काही लागत नाही.

टंचाई जाहीर करायची तारीख आधी ठरवा

आपल्याकडं पद्धत काय, तळ्याचा तळ दिसला की मीटिंग. त्यापेक्षा साठा दिवसांत मोजा: मृतसाठा सोडून शिल्लक पाणी भागिले रोजचा उपसा अधिक ऊन. नियम असा ठेवा की कुठल्याही तारखेला जूनअखेरपर्यंतचे दिवस आणि वर महिनाभर एवढं पाणी हातात पाहिजे. १ नोव्हेंबरला २७० दिवसांचं, १ फेब्रुवारीला १८० दिवसांचं, १ एप्रिलला १२० दिवसांचं.

थोडं कमी पडत असेल तर गाड्या धुणारे, बांधकामं, बागा यांचं नळाचं पाणी बंद करायचं आणि प्रेशर जरा उतरवायचं. जास्त कमी असेल तर पाळ्या लावायच्या, पण पाळीचा दिवस आणि वेळ पक्की पाहिजे, रात्री दीडला पाणी सोडायचं आणि बायकांनी जागत बसायचं हे बंद करा. त्याहून खाली गेलं की आधी ठरवलेल्या विहिरी, आधी ठरवलेला टँकरचा दर. हा दर जानेवारीतच टेंडर काढून बांधून घ्या, मेमध्ये टँकरवाला जे म्हणेल तेच.

लवकर थोडी कपात केली तर किती फरक पडतो बघा. नोव्हेंबरपासनं पाच महिने फक्त १० टक्के कमी सोडलं तर पंधरा दिवसांचं पूर्ण पाणी वाचतं, मेमध्ये निम्म्यानं सोडायची वेळ आली तर ते तीस दिवस पुरतं. हे पहिल्यांदा नगरसेवकांना पटत नाही कारण नोव्हेंबरात तळं भरलेलं दिसत असतंय आणि लोक विचारतात मग कपात कशाला. त्यावर उपाय एकच, दिवसांचा आकडा दर सोमवारी पुरसभेच्या बोर्डावर आणि वॉर्डाच्या व्हॉट्सअपला, कन्नड आणि मराठी दोन्हीत.

राहिलेलं थोडं

पंप १५ वर्षांचे, फिल्टर हाऊस १५, पाईप ३०, धरण ५०, अशी वयं धरून योजना करतात. म्हणजे तीस वर्षांच्या योजनेत पंप एकदा पूर्ण बदलायचाच आहे, ते पैसे कुठनं येणार ते आत्ताच विचारा. पाणी ६० मीटर वर चढवायचं तर साडेसात एमएलडीला दिवसाला १९०० युनिटच्या आसपास जातात, युनिटला ६ रुपये धरले तरी वर्षाला चाळीस लाखांच्या वर नुसतं बिल, आणि त्यातलं गळतीचं पाणीसुद्धा आपण वीज जाळून वर चढवतो. हेस्कॉमकडनं (आपली वीज कंपनी) जॅकवेलला वेगळा एक्स्प्रेस फीडर, म्हणजे स्वतंत्र वीजलाईन, घ्या, गावच्या लाईनवर असाल तर लोडशेडिंगमध्ये टाकी भरायचीच नाही.

आणि दुष्काळाच्या डीपीआरमध्ये पुराचा पण कागद मागा. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं २०१९ ला पण बघितलंय, २०२१ ला पण. अशा वेळी जॅकवेलचं पॅनल बोर्ड बुडालं तर चारी बाजूंनी पाणी आणि नळ कोरडे, मोटर सुकवून रिवाइंड करून येईपर्यंत आठवडा जातो. पॅनल, ट्रान्सफॉर्मर आणि स्टार्टर २०१९ च्या पूररेषेच्या किमान मीटरभर वर पाहिजे, आणि ती पूररेषा कागदावरची नको, शेजारच्या घराच्या भिंतीवर जिथं गाळाचा डाग आहे तिथनं टेप लावून मोजलेली पाहिजे.